नवोदय प्रवेशपरीक्षेची तयारी : शिकवणीविना

जवाहर नवोदय विद्यालयांची योजना 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून विस्तारली. तत्पूर्वी 1985-86 साली प्रयोगादाखल दोन विद्यालये उघडण्यात आली होती. त्यांतील एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे आपल्या अमरावतीस होते. खेड्यातील बुद्धिमान मुलास सहावीपासून बारावीपर्यंत निवासासह चांगले शिक्षण मिळावे, हा ह्या विद्यालयांचा मूळ हेतू होय. म्हणूनच जिल्ह्यातील किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी व एकतृतीयांश जागा मुलींसाठी राखलेल्या असतात. एका विद्यालयात सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त 80 मुले घेतली जातात.

असे असूनही पाचवीचे वर्ष सुरू झाले की पालकांचा पहिला प्रश्न असतो तो शिकवणीचा. तालुक्याच्या गावी शिकवणी लावल्याखेरीज नवोदयला नंबर लागत नाही, ही समजूत खेडोपाडी रूढ झाली आहे. ज्याच्यापाशी फी भरण्याची ऐपत नाही तो पालक मुलाचा अर्जच भरत नाही. खेड्यातल्या मुलासाठी काढलेल्या विद्यालयाची वाट खेड्यातल्या मुलासच बंद व्हावी, ही गोष्ट शिक्षकास खटकल्यावाचून राहणार नाही. ह्या समजुतीत तथ्य किती आहे, हे परीक्षेचे स्वरूप पाहिले म्हणजे कळून येते.

परीक्षा दोन तासांची असून तीत 80 प्रश्न व 100 गुण असतात. मानसिक क्षमतेचे 40 प्रश्न 50 गुणांचे, अंकगणिताचे 20 प्रश्न 25 गुणांचे आणि भाषेचे 20 प्रश्न 25 गुणांचे. महाराष्ट्रात मुलास मराठीतून उत्तरे देता येतात. अंकगणित व भाषा हे विषय पाठ्यपुस्तकाच्या आवाक्यातलेच आहेत. राहता राहिला मानसिक क्षमतेचा विभाग. तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतो, म्हणून पालकास व क्वचित शिक्षकासही त्याचा धाक वाटतो, आणि शिकवणीवाल्यांचा धंदा मुख्यतः ह्या धाकावर चालतो.

वस्तुतः हा विभाग सर्वस्वी आकृत्यांचा आहे. त्यात वाचावयास जवळजवळ काही नसते. पुस्तके कमी वाचलेल्या, प्रमाणभाषेत अडखळणाऱ्या मुलास येथे कसलाही तोटा नाही. गटात न बसणारी आकृती, तंतोतंत जुळणारी आकृती, अपुरी आकृती पुरी करणे, आकृत्यांची मालिका, आकृत्यांतील संबंध, त्रिकोण-चौरस-वर्तुळ पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, तुकडे जोडून होणारी आकृती आणि मोठ्या आकृतीत दडलेली लहान आकृती, असे दहा प्रकार असून प्रत्येकाचे चार प्रश्न येतात. दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारी व राष्ट्रीय सणाला कागदाच्या पताका कातरणारी मुले ह्यातले निम्मे काम हातांनी आधीच करीत असतात.

शिकवण्याचा मार्ग ह्यातूनच निघतो. फळ्यावर आकृती काढून उत्तर सांगण्याने फारसे साधत नाही. वस्तू मुलाच्या हाती द्यावी. कागदाच्या घडीचा प्रकार घ्या. जुन्या वहीच्या पानाचे चौरस कापून प्रत्येक मुलास द्यावेत. कागदाची दोनदा घडी घालून चतकोर करावा व मध्यभागी भोक पाडावे. उघडण्यापूर्वी किती भोके दिसतील ते मुलांना विचारावे व मगच कागद उघडावा. चार दिसतील. आता भोक घडीच्या एका कडेवर पाडावे. उघडल्यावर दोनच दिसतील. दोन्ही घड्या जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर पाडले तर एकच. हा फरक का पडतो हे मुलाने स्वतः सांगितले की त्या प्रकाराचे चारही प्रश्न त्याच्या मुठीत आले असे समजावे. नंतर कागद हाती न घेता नुसत्या चित्रावरून तेच विचारावे. ही पायरी गाळू नये, कारण परीक्षेत कागद दुमडावयास मिळणार नाही.

आरशाच्या प्रकारात मुले एक ठराविक चूक करतात. उजवे-डावे बदलण्याऐवजी ती आकृती उलटी, म्हणजे डोके खाली पाय वर अशी करतात. दोन-चार रुपयांचा लहान आरसा आकृतीच्या शेजारी उभा धरला की भ्रम जातो. तीन वाजल्याचे घड्याळ आरशात नऊ वाजल्याचे दिसते, हे एकदा पाहिलेले मूल विसरत नाही. तुकडे जोडण्यासाठी जुन्या खोक्याचा पुठ्ठा पुरतो. गटात न बसणारी आकृती व मालिका ह्यांत मात्र बोलण्याची सवय लावावी लागते. रेघा किती, तोंड कोणीकडे, रंगवलेला भाग कोणता, कोणता ठिपका किती घरे सरकला, हे मुलाने मोठ्याने सांगावे. 'ही वेगळी दिसते' एवढे उत्तर स्वीकारू नये.

अंकगणितात अवयव व विभाज्य, लसावि व मसावि, अपूर्णांक, दशांश, मापन, परिमिती व क्षेत्रफळ हे घटक येतात. येथे अडचण ज्ञानापेक्षा पर्यायांची असते. समजा, 45 मीटर लांब व 30 मीटर रुंद अशा आयताकृती शेताला तारेचे तीन पदरी कुंपण घालावयाचे आहे. तार किती लागेल? परिमिती 150 मीटर, म्हणून तार 450 मीटर. परंतु पर्यायांत 150 असेल, आणि 1350 ही असेल. पहिले उत्तर अर्ध्यावर थांबणाऱ्याचे, दुसरे क्षेत्रफळ काढणाऱ्याचे. मुलाचे गणित चुकलेले असूनही त्याचे उत्तर पर्यायांत सापडते, आणि उत्तर सापडले म्हणजे ते बरोबरच, असे त्यास वाटते. शिक्षकाने वर्गातील वह्या तपासताना आढळलेल्या चुकांतूनच पर्याय तयार करावेत. पुढे मुलांनाच प्रश्न रचून त्याला फसवे पर्याय देण्यास सांगावे. ज्या मुलाला दुसऱ्यास फसवता येते ते सहसा फसत नाही.

भाषेत चार उतारे व प्रत्येकाखाली पाच प्रश्न असतात. हुशार मुले येथे एका विचित्र कारणाने गुण घालवतात. पर्यायातील विधान त्यांना एरवी खरे म्हणून ठाऊक असते, परंतु ते उताऱ्यात नसते. झाडे सावली देतात हे खरे. पण उतारा झाडांच्या मुळांविषयी असेल तर ते उत्तर होऊ शकत नाही. प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातील ओळीवर बोट ठेवावयास लावणे हा ह्यावर उपाय आहे. त्यासाठी वेगळ्या पुस्तकाची गरज नाही. बालभारतीतील कोणताही परिच्छेद व गावात येणारे वर्तमानपत्र पुरते.

वेळेचा हिशेब मुलास आकड्यांत सांगावा. मानसिक क्षमतेस 60 मिनिटे व इतर दोन्ही विभागांस प्रत्येकी 30 मिनिटे धरली तर एका प्रश्नास दीड मिनिट व एका उताऱ्यास साडेसात मिनिटे येतात. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. उत्तरपत्रिकेतील गोल निळ्या वा काळ्या बॉलपेनने भरावयाचे असतात व एकदा भरलेला गोल खोडून बदलता येत नाही. वर्षभर पेन्सिलीने लिहिलेल्या मुलाचा हात त्या दिवशी प्रथमच पेनने गोल भरू लागला तर पाचदहा मिनिटे सहज जातात. एक गोल चुकला की पुढचे सगळे एकेक घर सरकतात. हाताने आखलेल्या कागदावर महिन्यातून दोनदा हा सराव करवावा.

ह्या सर्वाहून नाजूक भाग अर्जाचा आहे, आणि तेथे चूक झाली तर ती मुलाची नव्हे, मोठ्यांची असते. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेतच काढलेली असावी लागतात. त्यांत एक दिवसही नागरी भागातील शाळेत गेला तरी तो नागरी ठरतो. आपल्याकडे पुष्कळ जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच आहेत. चौथी झालेले मूल पाचवीस जवळच्या विद्यालयात जाते आणि दोन शाळांच्या मध्ये ते कोणाचेच राहत नाही. चौथीच्या शिक्षकास वाटते की पुढचे लोक पाहतील, पुढच्यांना ते मूल अजून ओळखीचे झालेले नसते. चौथीचा निकाल देतानाच, नगरपरिषदेच्या हद्दीतील शाळेत नाव घातल्यास काय होईल, हे पालकास समजावून सांगणे अगत्याचे आहे. पालकाने तरीही तसे ठरविले तर तो त्याचा अधिकार आहे. पण ते जाणून झाले पाहिजे. अर्ज विनामूल्य असून संगणकावरून भरला जातो. जन्मतारीख व नाव दाखल-खारीज रजिस्टराशी ताडून पाहिल्याखेरीज मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्रावर सही करू नये.

ऊसतोडीच्या पट्ट्यातील शाळांपुढे आणखी एक पेच असतो. आईबाप दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, आणि आपल्याकडची परीक्षा बहुधा थंडीच्या दिवसांत येते. मूल त्यांच्याबरोबर फडावर गेले तर तयारी तुटते व परीक्षेच्या दिवशी केंद्र शेकडो किलोमीटरवर राहते. अशा मुलाची सोय हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे व्हावी म्हणून गाड्या निघण्यापूर्वीच शिक्षकाने घरी जाऊन बोलावे. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर कोण नेणार, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.

तयारी निवडक दोन-चार मुलांची न करता सबंध पाचवीच्या वर्गाची करावी. दुशिक्षकी शाळेत दोन वर्ग एकत्र बसतात. तेथे चौथीची मुले कागदाच्या घड्या आपोआप शिकतात आणि पुढच्या वर्षीचे काम हलके होते. परिपाठापूर्वीची चाळीस मिनिटे, आठवड्यातून चार दिवस आकृत्या व दोन दिवस उतारे, एवढे जूनपासून चालले तर पुरे होते. निवड न झालेल्या मुलास त्याचे कारण जागांच्या संख्येवरून स्पष्ट सांगावे : जिल्हाभरातून हजारो अर्ज येतात आणि जागा असतात 80.