हृदयविकार : जपानचा धडा आणि आपले कर्तव्य

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या म्हणजे हृदयविकार जडतो. आपल्या कित्येक कुटुंबांत तो 'घराण्यातच आहे' असे म्हणून स्वीकारला जातो. ही समजूत अपुरी आहे.

१९६५ च्या सुमारास सुरू झालेल्या 'नि-होन-सान' या अभ्यासात जपान, हवाई बेटे व कॅलिफोर्निया येथे राहणाऱ्या जपानी पुरुषांची तुलना करण्यात आली. वंश एकच; तरीही हा विकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत अधिक व कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त आढळला. देशांतराबरोबर आहार व राहणी बदलली होती. जपानलाही स्वतःची एक सवय सोडावी लागली. तेथील जेवण अति खारट असे व पक्षाघाताने पुष्कळ माणसे दगावत. मीठ कमी केल्यावर आणि रक्तदाबावर नियमित उपचार झाल्यावर ते मृत्यू झपाट्याने घटले.

पेण व रोहा परिसरातील आपल्या धर्मग्रामस्थांना हा धडा जवळचा आहे. पापड, लोणचे, सुकट व सुके बोंबील ही आपल्या ताटातील चव. पण रक्तदाब असलेल्यांनी ती बेतानेच घ्यावी. उपवासकाळात मांस वर्ज्य करून खारी मासळी भरपूर खाणे हा आरोग्याचा उपवास नव्हे. तंबाखू तर पूर्णपणे सोडावी.

छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम ही लक्षणे दिसताच 'गॅस झाला असेल' म्हणून थांबू नये. मधुमेही व्यक्तींना व स्त्रियांना कधी केवळ धाप लागते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. मोठ्या शहरातील रुग्णालय दूर असल्यास गुठळी विरघळविणारे इंजेक्शन आधी देऊन रुग्णास पुढे पाठविता येते. प्रत्येक मिनिटागणिक हृदयाचा स्नायू निकामी होत असतो.

खर्चाच्या भीतीनेही विलंब होतो. २०१२ साली राज्याची जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालते व तीत अँजिओप्लास्टी आणि बायपास यांचा समावेश आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन चौकशी करावी.

स्टेंट बसविला म्हणजे आजार संपला नाही. बरे वाटू लागताच गोळ्या बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही गोळी थांबवू नये.

बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय प्रार्थना व वैद्य या दोहोंनाही स्थान देतो. रुग्णासाठी आपण प्रार्थना अवश्य करू या. आणि त्याची गोळी वेळेवर घेतली गेली की नाही, हेही प्रेमाने विचारू या.