गळाच्या दोरीची पारख : चारपेडी की आठपेडी?

मरळ हा मासा उघड्या पाण्यापेक्षा जलपर्णी, कमळाची पाने आणि लव्हाळ्यांच्या दाटीत राहणे पसंत करतो. गळ लागला की तो थेट त्या दाटीत शिरतो. साधा तंगूस अशा वेळी रबरासारखा ताणतो आणि मासा देठांना विळखा घालून बसतो. म्हणून तळ्यावर गरवणारे लोक आता विणीची दोरी मागतात. गळाचे सामान विकणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी या मालाची पारख शिकून घेणे जरूर आहे, कारण नुसत्या लेबलावर भरवसा ठेवून हा सौदा होत नाही.

आम्ही कापडवाले, मासेमारीचे उस्ताद नव्हे. पण ही दोरी म्हणजे अखेर सूत आणि वीण. नाड्याच्या यंत्रावर बॉबिनी एकमेकींना ओलांडत फिरतात आणि गोफ विणला जातो, तशीच ही विणली जाते.

आधी सूत पाहू. चांगल्या दोरीचे सूत नायलॉनचे नसते, पॉलिस्टरचेही नसते. ते पॉलिथिलीनचे असते. पिशव्या बनतात त्याच जातीचे, पण फार लांब रेणूंचे, द्रावणातून काढून खूप ताणलेले. हॉलंडच्या डीएसएम कंपनीत 1979 साली ही रीत सिद्ध झाली आणि 1990 पासून हे सूत ‘डायनीमा’ नावाने कारखान्यातून निघू लागले. अमेरिकेत त्याच जातीचे सूत ‘स्पेक्ट्रा’ या नावाने ओळखले जाते. हे सूत ताणत नाही, म्हणून हिसका सरळ गळापर्यंत पोचतो.

आता वीण. चारपेडी दोरीचे पेड जाड असतात. तिचा अंग खडबडीत, म्हणून काठीच्या कड्यांतून जाताना ती खरखरते. मात्र एखादा तंतू कापला गेला तरी जाड पेड तग धरतो आणि दोरी देठ कापत पुढे जाते. आठपेडी दोरी गोल, मऊ आणि शांत. तिचे पेड बारीक असल्याने घासणीने लवकर पिसारतात. दोरीचा आवाज म्हणजे घर्षणाची खबर समजावी. आवाज कमी म्हणजे फेक लांब आणि कड्यांची झीजही कमी.

आमचा कौल असा : जलपर्णी आणि पानांच्या दाटीसाठी घट्ट विणीची आठपेडी, तर बुंधे आणि जाड देठ असलेल्या जागी चारपेडी. ताकद 50 ते 65 पौंडांची असावी. पेड कितीही असोत, वीण सैल असेल तर दोरी चपटी होते, पाणी पिते आणि आवाज करते. खडकाळ जागी मात्र ही दोरी लवकर कापते. तिथे टोकाला जाड तंगूस जोडावा.

दुकानात करण्याजोग्या चार परीक्षा सांगतो.

पहिली, टोक सुईने उकलून पेड मोजा. आठ लिहून चार निघाले तर माल परत करा.

दुसरी, तुकडा साबणाच्या पाण्यात चोळून आतली हवा काढा आणि पेल्यात सोडा. पॉलिथिलीनची घनता 0.97, म्हणून ते तरंगते. नायलॉन 1.14 आणि पॉलिस्टर 1.38, ते बुडतात.

तिसरी, दोरी दोन्ही चिमटींत धरून टोके एकमेकांकडे ढकला. वीण लगेच फुगून जाळी पडली तर ती सैल आहे. ही परीक्षा साबणाने धुतल्यावर करा. मेणाचा लेप सैल विणीलाही चार दिवस गुळगुळीत ठेवतो.

चौथी, वजन. जपानी मापात ‘पीई’ क्रमांक 1 म्हणजे 200 डेनियर. डेनियर म्हणजे 9000 मीटर सुताचे ग्रॅममधले वजन, हे आपल्या बंधूंना सांगायला नको. क्रमांक 4 ची 150 मीटर दोरी सुमारे 13 ग्रॅम भरावी. लेपामुळे थोडे वाढेल. पण दीडपट भरली तर बारीक म्हणून जाड दोरी विकली जात आहे.

रंग उडतो ही तक्रार गिऱ्हाईक आणेल. या सुतात रंग मुरत नाही, वरच बसतो. रंग गेला म्हणून ताकद गेली असे नाही, हे त्याला समजावून द्यावे. सूत निसरडे आहे, म्हणून रिळावर आधी तंगूसाचे काही फेरे घ्यावेत आणि गाठ दुहेरी, ओली करून आवळावी. पिसारलेले टोक दर खेपेला कापून टाकावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ही दोरी कुजत नाही. तुटून जलपर्णीत राहिली तर वर्षानुवर्षे राहते आणि पाणपक्ष्यांच्या पायांत अडकते. खोट्या मापाची दोरी विकली तर गिऱ्हाईकाचा मासा जातो, आपले गिऱ्हाईक जाते आणि तळ्यात कायमचा फास राहतो. चार पैसे जास्त पडले तरी चालेल, पण टोक उकलून दाखवता येईल असाच माल दुकानात ठेवावा.