भागाची भरभराट कशी ओळखावी?

मंडळी, "आमचा भाग सुधारला" असे आपण म्हणतो. घरे पक्की झाली, दारात फटफटी आली, एवढ्यावर सुधारणा झाली म्हणायची का? आपण एका भागाचा हिशेब मांडून पाहू.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरा नदीचे खोरे आहे. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. शिवारात पाणी आले, ऊस पिकू लागला. पण शेतकरी काही सुखी झाला नाही. गुऱ्हाळ लावायचे, गूळ करायचा आणि व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. भाव पडला की कर्ज डोक्यावर! पीक एकाचे, नफा दुसऱ्याचा.

मग लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले. शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले. अर्थशास्त्राचे जाणकार धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. 1950 च्या अखेरीस शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्यात ऊस गाळला जाऊ लागला.

यानं काय बदललं? एक टन उसापासून साधारण 100 ते 110 किलो साखर निघते. साखर करण्यातला नफा पूर्वी बाहेर जाई, तो भागातच राहू लागला. त्यातून रस्ते झाले, शाळा-दवाखाने झाले. मुलांना नोकरी लागली. वाण्याचे दुकान चालले, लोहाराला काम मिळाले. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई. भाग वाढतो तो असा. हे पाहून ठिकठिकाणी कारखाने निघाले. आज राज्यात सहकारी आणि खासगी मिळून सुमारे दोनशे कारखाने आहेत.

पण वहीला खर्चाची बाजूही असते. दरसाल दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातून माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने कोपीत राहायचे. पोरांची शाळा बुडते. हंगाम संपतो, तरी कित्येकांची उचल फिटत नाही.

दुसरा खर्च पाण्याचा. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो. तेवढ्या पाण्यावर ज्वारी-हरभऱ्याचे कितीतरी जास्त रान भिजते. कालव्याच्या वरच्या अंगाला पाटाने ऊस बुडवला, तर शेवटच्या गावाला काय उरणार?

एकाने चार भाकरी खाल्ल्या आणि शेजारी उपाशी राहिला, तर सरासरी माणशी दोन भाकरी येते. पण उपाशी तो उपाशीच! म्हणून भागाची भरभराट बंगले मोजून ठरवू नये. कोयतेवाल्याच्या घरात काय पोचले, तेही पाहावे.

मंडळी, आता आपल्याला वाचता येते. वजनकाट्याची पावती स्वतः वाचा. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळावेत, असा 1966 च्या सरकारी आदेशातला नियम आहे. तारखा मोजा. वार्षिक सभेला जा, अहवाल वाचा, पाण्याबद्दल विचारा. तोडणीला जाणाऱ्यांनी उचल किती घेतली, किती फिटली, हे आपल्या वहीत लिहावे. दुसऱ्याच्या वहीवर अंगठा उठवण्याचे दिवस आता संपले पाहिजेत.