खुर्चीत बसल्यावर शब्द फुटेना

समुपदेशकाकडे जायचं ठरवणंच अवघड, असं आपण म्हणतो. पण घोटीहून बायकांना सोबत म्हणून नाशिकला जाते तेव्हा मला दिसतं, की खरी पंचाईत खुर्चीत बसल्यावर होते. "काय त्रास होतोय?" असं मॅडमनी विचारलं की, "तसं काही नाही, झोप लागत नाही," एवढंच उत्तर. मग पदराशी चाळा.

गेल्या वर्षी आवणी उरकल्यावर एक जण माझ्याबरोबर आली. दोन वेळा आत जाऊन नुसती रडून बाहेर आली. परतताना म्हणाली, "ताई, एवढं भाडं खर्चून मी गप बसायला जाते का? घरी काय सांगू?" तिसऱ्या वेळी तिने मुलाच्या वहीतल्या कागदावर चार ओळी लिहून नेल्या. वाचायचा धीर होईना, म्हणून कागदच मॅडमच्या हातात दिला. पोटातच गेलेल्या मुलीबद्दल होतं ते. 'झालं गेलं विसर' असं सगळ्यांनी बजावल्यावर अकरा वर्षं ती कोणाजवळ बोलणार तरी कशी?

आपल्या आजी-पणजीला निदान जातं होतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासुरवास, माहेरची ओढ, सगळं त्यात आहे. हात चालू, नजर पिठावर, उलट प्रश्न विचारणारं कोणी नाही. गिरणी आली, पाठ मोडायची थांबली हे उत्तमच झालं. पण बोलायची ती जागाही गेली.

आणि हे फक्त आपलंच नाही बरं का. व्हिएन्नाची बर्था पापेनहाइम १८८० ते १८८२ डॉ. जोसेफ ब्रॉयर यांच्याकडे उपचार घेत होती. चांगल्या घरची, शिकलेली. पण आजारी वडिलांची सेवा करता करता तिची वाचाच गेली. काही काळ तर आपली जर्मन भाषा बोलता येईना, इंग्रजीच बोलायची. 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच दिलं. थट्टेने ती त्याला धुराडं साफ करणंही म्हणायची! पुढे तिने समाजकार्य केलं, १९०४ मध्ये ज्यू महिलांची संघटना उभी केली.

घोटीसारख्या गावात आणखी एक धास्ती असते. बाजारात कळलं तर? मैत्रिणींनो, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल, अशा मोजक्याच प्रसंगी त्याला अपवाद आहे. पहिल्या भेटीत हे खुशाल विचारून घ्या. बोलायला दुसरं काही नसेल तर "मला बोलता येत नाहीये" एवढंच सांगा. तेवढ्यावरूनही पुढे जाता येतं, ते त्यांचं कामच आहे.

समोरासमोर जमत नसेल तर टेली-मानस आहे. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर १४४१६. दुपारी घरात कोणी नसताना लावावा. नाहीच शब्द फुटला, तर ठेवून द्यावा आणि उद्या परत लावावा.