५४६, १३४ आणि ६७ : आकडा खेळाडूबद्दल नेमकं काय सांगतो?

आधी एक कोडं. कसोटी क्रिकेटमध्ये सचिन तेंडुलकरची सरासरी ५३.७८ आहे आणि विनोद कांबळीची ५४.२०. मग कांबळी सचिनपेक्षा भारी फलंदाज होता का?

तुम्ही लगेच म्हणाल, "काहीतरीच काय!" बरोबर आहे. पण का नव्हता, हे सांगता येईल? "सचिन तो सचिन" हे उत्तर चालणार नाही, कारण ती झाली प्रसिद्धी. आपल्याला हवाय पुरावा.

हा प्रश्न नुसता गप्पांचा नाही. मी राहतो त्या चिंचोटीच्या आसपास, म्हणजे नायगाव, वसई, नालासोपारा, विरारच्या स्टेशनांवर, पहाटेच्या लोकलमध्ये किटबॅग घेऊन चढणारी बारा-तेरा वर्षांची पोरं रोज दिसतात. आझाद मैदान गाठायला तास-दीड तास, परत यायला तेवढाच. त्यांच्या आईवडिलांचे पैसे आणि पोरांची शाळेची वर्षं एका आकड्यावर लागलेली असतात: "शाळेच्या मॅचमध्ये किती केले?" म्हणून त्या आकड्यात किती दम असतो, हे बघायला हवं.

माझं पीएचडीचं काम क्रिकेटवर नाही, हवेतल्या धुळीच्या मोजणीवर आहे. पण दोन्हीकडची अडचण एकच. यंत्र एक आकडा देतं. त्यातलं खरं किती, योगायोग किती आणि आजूबाजूच्या परिस्थितीचं किती, हे वेगळं करायचं असतं. तीच हत्यारं आज खेळाडूंवर वापरू. उदाहरणं आपल्याच रेल्वेलाइनवरची: विरारचा पृथ्वी शॉ आणि पालघरचा शार्दूल ठाकूर.

पहिला प्रश्न : किती डाव?

सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले बाद होण्याची संख्या. पण फलंदाजाचे डाव सरासरीच्या आसपास गोळा होत नाहीत. शून्य, चार, चौदा आणि मधेच एकशे चौतीस, असे ते उड्या मारतात. संख्याशास्त्रात ही उडी मोजायला 'प्रमाण विचलन' वापरतात. फलंदाजीत ते साधारण सरासरीइतकंच येतं. म्हणजे सरासरी ४० असेल, तर एकेका डावातली उडीसुद्धा जवळपास ४०. हवेत एवढं वरखाली होणारं यंत्र असतं तर मी ते दुकानात परत दिलं असतं.

डाव वाढत जातात तशी ही अनिश्चितता कमी होते, पण हळूहळू. ती कमी होते डावांच्या वर्गमुळाच्या हिशेबाने. निम्मी करायची तर चौपट डाव लागतात.

आता कोडं सोडवू. कांबळी १७ कसोटींत २० वेळा बाद झाला. ५४ भागिले २० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण १२. त्यामुळे त्याची खरी पातळी ४२ ते ६६ च्या दरम्यान कुठेही असू शकते. (ही पट्टीसुद्धा तीनात दोनदाच बरोबर ठरते.) सचिन २०० कसोटींत २९६ वेळा बाद झाला. त्याची पट्टी जेमतेम ३ धावांची, म्हणजे ५१ ते ५७. दोघांच्या सरासरीतला ०.४२ चा फरक या पट्ट्यांमध्ये कुठल्या कुठे हरवून जातो. शिवाय संघाला मिळतात त्या धावा, सरासरी नव्हे. एकाने १,०८४ दिल्या, दुसऱ्याने १५,९२१.

आता पृथ्वी. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये त्याने रिझवी स्प्रिंगफील्डकडून ५४६ केल्या, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३४. लगेच 'नवा सचिन' सुरू झालं.

त्याचे कसोटीतले सगळे डाव असे: १३४, ७०, नाबाद ३३, १६, १४, ५४, १४, ०, ४. एकूण ३३९, सरासरी ४२.३७. या नऊ आकड्यांचं प्रमाण विचलन मी काढलं, ते आलं सुमारे ४३. म्हणजे अनिश्चितता जवळपास १५ धावांची. खरी पातळी २७ ते ५७ मध्ये कुठेही! २७ चा सलामीवीर संघाबाहेर जातो आणि ५७ चा सर्वकालीन यादीत. नऊ डावांचा आकडा या दोघांत फरकच करू शकत नाही. पण पहिल्या डावावर आपण त्याला डोक्यावर घेतलं आणि शेवटच्या दोनांवर "संपला" म्हणून मोकळे झालो. निवड समिती तंत्र, फिटनेस असं बरंच काही बघत असते. आपण प्रेक्षक मात्र आकडा बघूनच बोलत होतो.

दुसरा प्रश्न : कोणासमोर, कुठे?

तेच नऊ डाव दोन ढिगांत टाका. वेस्ट इंडिजविरुद्ध मायदेशात: २३७ धावा, दोनदा बाद, सरासरी ११८.५. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात: सहा डावांत १०२, सरासरी १७. म्हणजे ४२.३७ ची सरासरी असलेला पृथ्वी कुठल्याच मालिकेत दिसला नाही. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे म्हणून कोणी डोळे मिटून पाण्यात उतरत नाही, तसंच हे.

पण थांबा, परिस्थिती दोन्ही बाजूंनी कापते. शेवटचा ४ धावांचा डाव आहे डिसेंबर २०२० मधला, ॲडलेडचा. त्या डावात अख्खा भारतीय संघ ३६ वर आटोपला. दोन अंकी धावा एकालाही करता आल्या नाहीत. मग त्या चार धावांना नापास म्हणायचं का?

इथे एक साधी युक्ती आहे. खेळाडूच्या धावांना त्याच डावात बाकीच्यांनी दर गड्यामागे केलेल्या धावांनी भागायचं. खेळपट्टी तीच, गोलंदाज तेच, हवा तीच. जे उरेल त्याला आपण 'पट' म्हणू.

ॲडलेड: बाकीच्यांच्या ३२ धावा, ८ गडी (शमी जखमी होऊन परतला होता). दर गड्यामागे ४. पृथ्वीच्याही ४. पट बरोबर १. म्हणजे तो बाकीच्यांपेक्षा वाईट खेळला नाही.

राजकोट: भारत ९ बाद ६४९ वर डाव घोषित. बाकीच्यांच्या ५१५, ८ गडी, दर गड्यामागे ६४. पृथ्वीचे १३४. पट २.१.

हीच फूटपट्टी २०१६ च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेने केलेल्या नाबाद १००९ ला लावू. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ केल्या. समोरचा संघ ३१ आणि ५२ वर बाद झाला होता. अवांतर धरून बाकीच्यांनी ३ गड्यांत ४५६ केल्या, म्हणजे दर गड्यामागे १५२. पट साधारण ६.६. मोठाच डाव आहे, ते पोराचं कौतुकच. पण त्याच गोलंदाजीवर इतरांनीही दीडशेच्या हिशेबाने धावा काढल्या, हे पेपरच्या मथळ्यात मावत नाही. मग चार आकडी अपेक्षांचं ओझं पंधरा वर्षांच्या मुलाच्या मानेवर बसतं.

तिसरा प्रश्न : कधी, आणि तो नसता तर?

आता शार्दूल. गंमत बघा, त्याची पहिली कसोटी त्याच मालिकेत, आठच दिवसांनी हैदराबादला सुरू झाली. दहा चेंडू टाकले, स्नायू दुखावला, बाहेर. पुढची कसोटी थेट जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला, तीसुद्धा अर्धा संघ जायबंदी झाला म्हणून. कसोटीत त्याची फलंदाजीची सरासरी २० च्या आत आहे. नुसता हा रकाना बघितला तर माणूस पान उलटून टाकेल.

ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या ३६९ समोर भारत ६ बाद १८६. तिथून शार्दूल (६७) आणि वॉशिंग्टन सुंदर (६२) यांनी १२३ ची भागीदारी केली. भारत ३३६. समजा उरलेले चार गडी आणखी ५० धावांत गेले असते, तर भारत २३६. शेवटी जे लक्ष्य ३२८ होतं ते ४२८ झालं असतं. आपण ते ३२८ तीन गडी राखून, शेवटच्या काही षटकांत गाठलं.

पट काढा: बाकीच्यांच्या २६९, ९ गडी, दर गड्यामागे ३०. शार्दूलचे ६७. पट २.२. म्हणजे राजकोटचे १३४ आणि ब्रिस्बेनचे ६७ या फूटपट्टीवर जवळपास सारखेच!

सप्टेंबर २०२१, ओव्हल. भारत ७ बाद १२७, सर्वबाद १९१. त्यात शार्दूलचे ३६ चेंडूंत ५७. बाकीच्यांची दर गड्यामागे १५. पट ३.८. दुसऱ्या डावात ६०. इंग्लंडच्या शेवटच्या डावात १०० धावांची सलामीची जोडी त्यानेच फोडली आणि रूटचा त्रिफळाही उडवला. सरासरीच्या रकान्यात मात्र हे ५७ आणि एखाद्या सपाट खेळपट्टीवरचे ५७ सारखेच.

बास्केटबॉलमध्ये यावर बरंच काम झालंय. ह्यूस्टन रॉकेट्सचा शेन बॅटिए याच्यावर मायकल लुइस यांनी २००९ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. बॅटिएचे गुण, रिबाउंड सगळं बेताचं. पण तो कोर्टवर असताना संघ समोरच्यापेक्षा किती पुढे जातो आणि तो बाकावर असताना किती मागे पडतो, हा 'प्लस-मायनस' काढला की तो फार कामाचा निघायचा. अर्थात सोबतचे चार जण भारी असले तरी हा आकडा फुगतो. म्हणून शेकडो सामन्यांतल्या वेगवेगळ्या पंचकांची गणितं एकत्र सोडवून एकट्याचा वाटा काढतात. क्रिकेटमध्ये अकराही जण पूर्ण सामनाभर असतात, 'तो नसताना' हा भाग मिळतच नाही. त्यामुळे 'पट'सारख्या काटकसरी युक्त्यांवर भागवावं लागतं.

आता या युक्तीचे दोष

सगळ्यात मोठा दोष माझ्या निवडीतच आहे. ब्रिस्बेन आणि ओव्हल मी निवडले, कारण ते आठवतात. शार्दूल स्वस्तात बाद झालेल्या डावांचाही पट काढला पाहिजे, नाहीतर ही पण प्रसिद्धीच झाली, फक्त गणिताचा सदरा घातलेली. दुसरं, सलामीवीर नव्या चेंडूला तोंड देतो, आठव्या क्रमांकाचा बहुधा जुन्या. एकाच डावातसुद्धा दोघांचं काम सारखं नसतं. तिसरं, जिंकणं हा पुरावा नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला शार्दूलने ६१ धावांत ७ बळी घेतले, आणि तो सामना भारत हरला.

आणि प्रसिद्धी? नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात पृथ्वी आणि शार्दूल दोघांनाही कोणी घेतलं नाही. एकाच्या नावावर ५४६, ३७९ आणि कसोटी पदार्पणातलं शतक, दुसऱ्याच्या नावावर ब्रिस्बेन आणि ओव्हल. त्या दिवशी बाजार दोघांना सारखाच 'नको' म्हणाला. पुढच्याच जानेवारीत रणजीत जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईची दाणादाण उडाली असताना शार्दूलने ५१ आणि ११९ केल्या. बाजारभाव म्हणजे त्या दिवशी, त्या प्रकारच्या क्रिकेटसाठी, दहा संघांच्या यादीत उरलेली जागा. माणसाची किंमत मोजायला तो बसलेलाच नसतो.

मग आकडे फेकून द्यायचे का? अजिबात नाही. त्यांना पूर्ण वाक्यात वाचायचं. तुमच्या घरातलं, सोसायटीतलं पोर मॅच खेळत असेल तर वहीत त्याच्या धावांशेजारी आणखी तीन रकाने आखा: आला तेव्हा धावफलक काय होता, बाकीच्यांनी दर गड्यामागे किती केल्या, आणि समोरचा संघ कोणता. निदान चाळीसेक डाव भरल्याशिवाय बेरीज करू नका. तेव्हाही पट्टी फार बारीक होणार नाही, पण दिशा कळेल. आणि तोपर्यंत एका मोठ्या खेळीवर पोराला 'नवा अमुक' आणि दोन भोपळ्यांवर 'वाया गेला' म्हणायचं नाही. चौदा वर्षांच्या मुलाबद्दल एक डाव एवढंच सांगतो की त्या दिवशी तो चांगला खेळला.