तिसऱ्या रुळाविना

आगगाडीच्या छंदाची गोष्ट निघाली की मनुष्य वाफेच्या इंजिनाकडे वळतो. धूर, शिटी, लाल ज्वाळांची भट्टी, इंजिनाचे राजेशाही नाव, सारे कसे काव्याला अनुकूल! विजेच्या लोकलगाडीवर प्रेम कोण करणार? तिच्यात बसून रोज कचेरी गाठायची आणि संध्याकाळी घामेजून परतायचे. असे असूनही इंग्लंडात या नित्याच्या गाड्यांवर जीव टाकणारे छांदिष्ट शेकड्यांनी आहेत. त्यांच्या आठवणी आम्ही आवडीने वाचत आलो आहोत. त्या वाचता वाचता एक गोष्ट आमच्या मनात ठसली, तीच वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेखनप्रपंच.

लंडनच्या दक्षिणेकडील मुलूख हे या गाड्यांचे माहेरघर. १९०९ साली तेथील एका कंपनीने डोक्यावरील तारेतून वीज घेणारी गाडी सुरू केली. १९१५ साली शेजारच्या कंपनीने वॉटर्लू स्थानकातून दुसराच मार्ग धरला. दोन रुळांच्या बाजूला तिसरा रूळ टाकायचा, त्यातून वीज खेळवायची आणि गाडीला लावलेल्या लोखंडी पादुकेने ती उचलायची. १९२३ मध्ये या कंपन्या एक होऊन ‘सदर्न रेल्वे’ जन्माला आली. तिचे सरव्यवस्थापक सर हर्बर्ट वॉकर हे हिशेबी आणि दूरदृष्टीचे गृहस्थ. त्यांच्या अमदानीत स्वस्त पडणारा तिसरा रूळ जिंकला आणि १९२९ मध्ये डोक्यावरील तारा उतरल्या. दर तासाला ठरलेल्या मिनिटांनाच गाडी सुटावी, म्हणजे प्रवाशाला वेळापत्रक पाहावे लागू नये, ही वॉकरसाहेबांची शिस्त. लंडनचा चाकरमानी सरे आणि केंट परगण्यांत बाग असलेले घर घेऊन राहू लागला, तो याच गाड्यांच्या भरवशावर.

आता आठवणींकडे वळू. उपनगरी गाडीच्या प्रत्येक कप्प्याला दोन्ही अंगांना स्वतंत्र दार असे. बुलीडसाहेबांच्या ‘फोर-सब’ या चार डब्यांच्या गाडीत एका बाकावर सहा जण दाटीवाटीने बसत, समोरच्या बाकावर आणखी सहा. कप्प्यांना जोडणारी वाट पुष्कळ डब्यांत नसे. एकदा दार लागले की पुढील स्थानकापर्यंत ते बारा जण एकमेकांच्या स्वाधीन. इंग्रज माणूस अशा प्रसंगी वर्तमानपत्राचा पडदा उभारतो, हे सांगावयास नकोच. वर जाळीचे फळे, खिडकी खालीवर करावयाला चामड्याचा पट्टा, आणि थंडीत बाकाखालून येणारी ऊब. दार आपटूनच लावावे लागे, म्हणून या गाड्यांना ‘स्लॅम-डोअर’ हे नाव पडले. गाडी फलाटाला लागता लागता घाईची मंडळी दारे उघडून उतरू लागत. निघताना एकामागून एक दारे धाडधाड लागत जात. हा आवाज लिहून काढण्यासाठी या छांदिष्टांनी किती शब्द खर्ची घातले आहेत! सांधे बदलण्याच्या जागी तिसरा रूळ तुटक असे. तेथे क्षणभर दिवे विझत आणि सगळा कप्पा अंधारात बुडून पुन्हा उजळे. हिवाळ्यात रुळावर बर्फ धरले की पादुकेखाली निळ्या ठिणग्यांचा लखलखाट होई. लहानपणी निजायच्या खोलीच्या खिडकीतून तो उजेड पाहिल्याचे कित्येकांनी लिहिले आहे.

लांब पल्ल्याच्या गाड्यांची तऱ्हा निराळी. १९३७ मध्ये पोर्टस्मथचा मार्ग विजेवर आला, तेव्हा गाडीच्या तोंडाशी मधोमध डब्याडब्यांतून जाण्याची वाट ठेवली होती. तिच्या एका बाजूस मोटारमनची खिडकी आणि दुसऱ्या बाजूस मार्गाचा क्रमांक दाखविणारी चौकट. त्यामुळे गाडी एकाक्ष दिसे. पोर्टस्मथ हे आरमाराचे बंदर, आणि इंग्रजांचा थोर दर्यासारंग नेल्सन एका डोळ्याने अधू. लोकांनी या गाड्यांना ‘नेल्सन’ म्हणावयास सुरुवात केली. असे बारसे कोणत्याही कचेरीला साधत नाही.

ब्रायटनचा थाट तर विचारूच नये. १ जानेवारी १९३३ पासून हा मार्ग विजेवर धावू लागला आणि १९३४ मध्ये तेथील आलिशान गाडीला ‘ब्रायटन बेल’ हे नाव मिळाले. पाच डब्यांचे तीन संच. स्वयंपाकघर असलेल्या पहिल्या वर्गाच्या डब्यांना हेझल, डोरिस, ऑड्री, व्हेरा, ग्वेन, मोना अशी घरातल्या लेकींची नावे. साठ मिनिटांत लंडन ते समुद्रकिनारा, आणि तेवढ्यात टेबलावर दिव्याच्या उजेडात न्याहारी. न्याहारीतला ‘किपर’, म्हणजे खारवून धुरी दिलेला मासा, बंद झाला तेव्हा ब्रायटनला राहणारे थोर नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी त्यासाठी तक्रारीचा झेंडा उभारला. गाडी मात्र वाचली नाही. ३० एप्रिल १९७२ रोजी ती शेवटची धावली.

या आठवणींत एक काळी पानेही आहेत, आणि खऱ्या छांदिष्टाने ती फाडून टाकलेली नाहीत. १२ डिसेंबर १९८८ च्या सकाळी क्लॅपहॅम जंक्शनजवळ थांबलेल्या गाडीवर मागून दुसरी आदळली आणि शेजारच्या रुळावरून येणारी रिकामी गाडी त्या ढिगाऱ्यात शिरली. ३५ माणसे गेली. दोष सिग्नलच्या तारांच्या जोडणीचा. काढून टाकायची जुनी तार लोंबकळत राहिली होती, आणि ती जोडणारा कामगार आठवडेच्या आठवडे जवळजवळ विनासुट्टी राबलेला होता. परंतु धडकेत जुन्या बांधणीचे डबे किती दुबळे ठरतात, हेही तेथे उघड झाले. ज्या कप्प्याचा एकांत लोकांना प्रिय वाटे, त्याच एकांताचे एकट्या स्त्रीला भय वाटे, हेही तितकेच खरे. १९९९ च्या नियमांनी या गाड्यांचा निकाल लावला. नोव्हेंबर २००५ मध्ये मुख्य मार्गांवरून त्या गेल्या; लिमिंग्टनच्या लहानशा फाट्यावर दोन गाड्या तेवढ्या मे २०१० पर्यंत तग धरून होत्या. ज्यांचे आप्त गेले त्यांच्यापुढे दारांच्या आवाजाचे कौतुक करणे कोणास शोभणार नाही, आणि गाड्या गेल्या हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे.

आणि आता आमच्या मनात ठसलेली ती गोष्ट. वेल्समधील बॅरी गावच्या भंगारखान्यातून छांदिष्टांनी वाफेची २१३ इंजिने सोडवून आणली. त्यांतली कित्येक पुढे पुन्हा धावू लागली. कारण वाफेचे इंजिन आपला अग्नी बरोबर बाळगते. कोळसा आणि पाणी घाला, कोठल्याही रुळावर ते श्वास घेऊ लागते. विजेच्या गाडीचे तसे नाही. तिचा प्राण तिच्याबाहेर, त्या तिसऱ्या रुळात. छांदिष्टांच्या लहानशा रेल्वेवर जिवंत विजेचा उघडा रूळ कोण टाकू देईल? माणसे, कुत्री, पोरे वावरतात तेथे! मुख्य मार्गावर तो रूळ आहे, पण तेथे धावायचे तर आजच्या सुरक्षेच्या साऱ्या अटी जुन्या सांगाड्यावर चढवाव्या लागतात. म्हणून ‘नेल्सन’पैकी एक संच वाचला, ‘फोर-सब’चा एक वाचला, १९३७ चा दोन डब्यांचा एक संच राष्ट्रीय संग्रहात गेला; परंतु ती सारी निःशब्द आहेत. ऑड्री, ग्वेन आणि व्हेरा यांना सहलीच्या ऐषारामी गाडीत जागा मिळाली, तीही दुसऱ्या इंजिनाने ओढून न्यायच्या डब्यांची. एका न्यासाने ‘ब्रायटन बेल’चे डबे गोळा करून ती पुन्हा स्वतःच्या बळावर चालविण्याचा ध्यास घेतला, आणि त्यास किती वर्षे व किती पैसा लागतो हे पाहिले म्हणजे वरील अडचणीची कल्पना येते.

यामुळेच या मंडळींच्या वह्या, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांना निराळे मोल आहे. सुरुवात होताना मोटारीची खर्जातली घरघर, मग चढत जाणारा सूर, थांबल्यावर डब्याखाली हवेच्या पंपाचे ढक्‌ढक्‌, हे सगळे जपायला त्यांच्या कानांवाचून दुसरी जागा फारशी उरलेली नाही. तिकडील पोरांना गाड्यांचे क्रमांक टिपण्याचे वेड लावणारी पुस्तिका इयान ॲलन यांनी १९४२ मध्ये काढली. ते सदर्न रेल्वेच्याच कचेरीत नोकरीला होते, आणि ती पुस्तिका मात्र वाफेच्या इंजिनांची! विजेची गाडी दारातली. तिच्याकडे पोरांचे लक्ष जाईपर्यंत बरीच वर्षे उलटली.

हे सर्व परक्या मुलखाचे, असे वाचकांनी समजू नये. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी धावली. तिच्यासाठी इंग्लंडच्या कॅमेल लेअर्ड कारखान्यात बांधलेले डबे आले होते. १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली मार्ग विजेवर आला. मुंबईची वीज तिसऱ्या रुळात नव्हती, डोक्यावरील तारेत होती, १५०० व्होल्टची एकदिश. पश्चिम रेल्वेने ती टप्प्याटप्प्याने बदलली आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरूनही ती गेली. आता ते जुने डबे कोणी जसेच्या तसे उभे केले, तरी त्यांना धावायला मुंबईत तार नाही.

बडोदा, इंदूर, बेळगाव येथून सुटीत आजोळी जाणाऱ्या आपल्या पिढीने त्या जुन्या लोकलगाड्यांचा आवाज ऐकलेला आहे. दादरला उतरून मामाच्या बोटाला धरून चढलेला तो डबा, वर हेलकावणाऱ्या कड्या, गाडी सुटतानाची ती घरघर ज्यांना आठवत असेल, त्यांनी साल आणि स्थानक यांसह चार ओळी संपादकांकडे जरूर धाडाव्यात. ज्यांनी अगदी पहिले, इंग्लंडहून आलेले डबे पाहिले असतील, अशी वडीलधारी मंडळी आता घरोघर थोडीच असतील. नातवंडांनी त्यांना विचारून लिहून घ्यावे.