यंत्राला पिंपळ शिकवताना

प्राथमिक शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता आणायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो प्रश्नांची उत्तरं देणारा चॅटबॉट. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, असं पुष्कळ मुलांना वाटतं. प्रत्यक्षात ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला. चॅटबॉट हे दोन ओळींत सांगून मोकळा होतो. मुलाच्या डोक्यातली समजूत मात्र जागची हलत नाही. म्हणून मला उलटा मार्ग पटतो. मुलांनीच यंत्राला शिकवावं.

गूगलचं 'टीचेबल मशीन' हे मोफत साधन २०१७ पासून उपलब्ध आहे. कॅमेऱ्यासमोर आधी पिंपळाची पानं धरायची, मग वडाची. प्रत्येकाचे तीस-चाळीस फोटो झाले की बटण दाबायचं. आतलं 'मोबाइलनेट' नावाचं जाळं लाखो चित्रांवर आधीच तयार झालेलं असतं. कडा, पोत, आकार त्याला टिपता येतात. आपल्या फोटोंवरून त्याला फक्त शेवटचा टप्पा शिकायचा असतो. त्यामुळे काम थोडक्यात आटोपतं.

खरा तास इथून सुरू होतो. समजा, पिंपळाची सगळी पानं काळ्या फळ्यासमोर धरली आणि वडाची पांढऱ्या कागदावर ठेवली. आता पिंपळाचं पान कागदावर ठेवलं, तर यंत्र बेधडक 'वड' म्हणू शकतं. पिंपळाचं ते लांब, निमुळतं टोक चौथीतल्या मुलाला लगेच दिसतं. यंत्राने मागचा रंगच पकडलेला असतो. मग मुलं अंदाज बांधतात, मागे एकच कागद ठेवून सगळे फोटो पुन्हा काढतात आणि निकाल ताडून पाहतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे कुणी न सांगता त्यांच्या हातात बसतं.

आता खडू धरून पाहा. यंत्र त्यालाही पिंपळ नाहीतर वड ठरवतं, कारण त्याला नावं दोनच ठाऊक आणि टक्क्यांची बेरीज शंभर व्हायलाच हवी. 'यांपैकी काही नाही' असा तिसरा गट मुलांनाच करावा लागतो. त्यात काय काय घालायचं, यावर वर्गात जी वादावादी होते, ती परिसर अभ्यासाच्या पुस्तकातल्या कुठल्याही स्वाध्यायापेक्षा मोलाची आहे.

बाईंचं काम मात्र यंत्र करू शकत नाही. दोन्ही पानांचे देठ मोडायला लावायला त्याच हव्यात. दोन्हींतून पांढरा चीक येतो, कारण वड आणि पिंपळ एकाच फायकस प्रजातीतले आहेत. कॅमेऱ्याने वेगळ्या गटांत टाकलेल्या झाडांचं हे नातं बोटांना कळतं.